रशियन मेल उघडला आणि अक्षरांचा चिवडा दिसला? सिरिलिक, म्हणजे रशियनच्या लिपीतल्या, मेलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात रशियन भाषांतराचं आणि पत्रव्यवहाराचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत रशियात डॉक्टरकीला गेलेल्या मुलांचे आईवडील असतात, तिकडे औषधं पाठवणाऱ्या कंपन्यांतली माणसं असतात, रशियन शिकणारी मुलं असतात. निम्म्या वेळा त्यांना भाषांतर नको असतं, "हा मेल आधी वाचता येईल असा करून द्या" एवढंच हवं असतं. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

मेलमधली अक्षरं बिघडली म्हणजे नेमकं काय झालं?

बहुतेक वेळा अक्षरांना काहीही झालेलं नसतं. मेलमधून अक्षरं जातच नाहीत, आकडे जातात. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर म्हणायचं, हे एका तक्त्यावरून ठरतं, प्रोग्रामच्या मेन्यूत त्याला 'एन्कोडिंग' म्हणतात. पाठवणाऱ्याने एक तक्ता वापरला आणि तुमच्या मेल प्रोग्रामने दुसरा लावला, की गोंधळ होतो.

एकच आकडा घेऊन बघा, २३८. रशियन विंडोजच्या तक्त्यात, म्हणजे विंडोज-१२५१ मध्ये, तो छोटा 'ओ' आहे. कोई-८ या जुन्या सोव्हिएत तक्त्यात तोच आकडा मोठा 'न' आहे, जो दिसायला रोमन एचसारखा असतो. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या ८६६ क्रमांकाच्या तक्त्यात तो 'यु' आहे. आणि पश्चिम युरोपच्या तक्त्यात तो डोक्यावर टोपी घातलेला रोमन आय आहे. आकडा एक, अक्षरं चार. 'ओ' हे रशियनमध्ये सगळ्यात जास्त येणारं अक्षर, त्यामुळे तक्ता चुकला की पहिल्या ओळीतच कळतं.

पण एका भाषेसाठी इतके तक्ते कशाला केले?

ते एकदम कोणी केले नाहीत, साचत गेले. कोई-८ ची मुळं १९७४ च्या सोव्हिएत मानकात आहेत. पुढे पीसी आले तेव्हा डॉसवर ८६६ रुळला, विंडोजबरोबर १२५१ आला, अ‍ॅपलने स्वतःचा वेगळा काढला आणि आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेने आयएसओ-८८५९-५ दिला. हा शेवटचा रशियात घरोघरी कधी रुजला नाही. पण युनिकोडमधल्या, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या एकत्र तक्त्यातल्या, सिरिलिक अक्षरांचा क्रम त्याच्यावरूनच घेतलेला आहे.

ईमेलच्या दृष्टीने महत्त्वाचा कोई-८. १९९० मध्ये मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतून रेलकॉम हे जाळं सुरू झालं, त्याच वर्षी सप्टेंबरात सोव्हिएत संघाचं 'एसयू' हे डोमेन नोंदलं गेलं. ही सगळी युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणारी मंडळी होती आणि त्यांचा तक्ता कोई-८ होता. १९९३ मध्ये त्याची रशियन आवृत्ती, कोई८-आर, इंटरनेटच्या दस्तावेजांत रीतसर नोंदवली गेली. म्हणजे घरातल्या विंडोजवर एक तक्ता आणि टपालाच्या रस्त्यावर दुसरा, अशी परिस्थिती कित्येक वर्षं होती. या कचऱ्याला रशियन माणसांनी नावसुद्धा दिलं आहे, क्राकोज्याब्री. उच्चारूनच बघा, शब्द कसा वेडावाकडा वाटतो.

कोई-८ मधला अक्षरांचा क्रम इतका विचित्र का आहे?

मला या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच. कोई-८ मध्ये रशियन अक्षरं रशियन वर्णमालेच्या क्रमाने लावलेली नाहीत. जिथे जमलं तिथे रशियन अक्षर त्याच्या आवाजाच्या रोमन अक्षरापासून बरोबर १२८ घरं पुढे ठेवलं आहे.

कारण असं की ईमेलचा मूळ नियम, १९८२ चा एसएमटीपी, फक्त सात बिटांचे, म्हणजे १२७ पर्यंतचे, आकडे वाहून नेण्यापुरता होता. वाटेतला एखादा सर्व्हर आठवा बिट सरळ कापून टाकायचा. दुसरा कुठलाही तक्ता असता तर मजकुराचा चुराडा झाला असता. कोई-८ मध्ये मात्र आठवा बिट गेला की आकडा १२८ ने कमी होतो आणि रोमन अक्षर उरतं. रशियन 'प्रिवेत', म्हणजे आपलं नमस्कार, पलीकडे रोमन पी-आर-आय-डब्ल्यू-ई-टी असं पोचायचं. फक्त पहिलं अक्षर छोटं आणि बाकीची मोठी, कारण छोट्या-मोठ्याची जागा मुद्दाम उलटी ठेवली होती. म्हणजे पत्र बिघडलं तरी माणसाला वाचता यावं, ही सोय आधीच करून ठेवलेली. ज्यांनी हे आखलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

दिसणाऱ्या कचऱ्यावरून कुठला तक्ता चुकला हे ओळखता येतं का?

येतं. सवय झाली की अंदाजे दहा सेकंदांत येतं. मी काय बघते ते सांगते.

अक्षरं सिरिलिकच आहेत, पण शब्दाचं पहिलं अक्षर छोटं आणि पुढची सगळी मोठी? मग विंडोज-१२५१ आणि कोई-८ यांची अदलाबदल झाली आहे. रशियन 'वोप्रोस', म्हणजे प्रश्न, हा शब्द विंडोजमधून निघून कोई-८ च्या डोळ्यांनी वाचला तर 'ब्नोप्न्या' असा दिसतो. रशियात हे इतकं वेळा घडलं की 'ब्नोप्न्या' हा शब्दच चेष्टेत रूढ झाला. अदलाबदल कुठल्या दिशेने झाली हे 'ओ' वरून कळतं. मजकुरात मोठे 'न' फार असतील तर पत्र मुळात विंडोजचं आहे. मोठे 'प', म्हणजे दोन खांबांवर आडवी तुळई, फार असतील तर मूळ कोई-८ आहे.

सगळी रोमन अक्षरं, त्यांच्यावर टोप्या आणि तिरके फटकारे? प्रोग्रामने पश्चिम युरोपचा तक्ता लावला आहे. बहुतेक अक्षरं छोटी असतील तर मूळ विंडोज-१२५१. बहुतेक मोठी असतील आणि शब्दांच्या मधोमध गुणाकाराची फुली दिसत असेल तर मूळ कोई-८, कारण तिथला छोटा 'व' त्या फुलीच्या आकड्यावर बसतो. भागाकाराच्या चिन्हावर मात्र विसंबू नका. ते विंडोजच्या छोट्या 'च' चं असू शकतं आणि कोई-८ च्या मोठ्या 'व' चंही.

मजकुरात जागोजागी गोलातला आर, म्हणजे नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण, विखुरलेली दिसते? ते डॉसचं ८६६ आहे आणि तुम्ही ते विंडोजच्या तक्त्याने बघता आहात. ती खूण म्हणजे छोटा 'ओ'. छोटा 'अ' तर चक्क कोरी जागा होऊन जातो, त्यामुळे शब्द मधेच तुटल्यासारखे वाटतात. जुन्या हिशेबाच्या प्रोग्राममधून निघालेल्या पावत्या अशा येतात.

प्रत्येक दुसरं अक्षर रोमन पी किंवा सी सारखं? हा यूटीएफ-८ मजकूर, म्हणजे युनिकोड लिहिण्याच्या आजच्या रूढ पद्धतीतला, विंडोज-१२५१ ने वाचलेला आहे. यूटीएफ-८ मध्ये एका रशियन अक्षराला दोन बाइट, म्हणजे दोन आकडे, लागतात आणि पहिला बाइट दोनपैकी एकच असतो. तोच तिथे 'र' किंवा 'स' होऊन दिसतो. हाच मजकूर पश्चिम युरोपच्या तक्त्याने वाचला तर आडवी रेघ मारलेला डी आणि लाट असलेला एन यांची रांग लागते. आणि हीच रांग दुप्पट लांब, शिवाय लाट असलेल्या ए ने भरलेली दिसली, तर चूक दोनदा झाली आहे. कोणीतरी बिघडलेला मजकूर बिघडलेल्या अवस्थेतच सेव्ह करून पुढे पाठवला. तोही सुटतो, पण गाठ दोनदा सोडावी लागते.

आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर?

तर मात्र मजकूर गेला. आतापर्यंत सांगितलं ते सगळं परत मिळवता येतं, हे नाही. एखाद्या प्रोग्रामला रशियन अक्षर त्याच्या तक्त्यात सापडलं नाही की तो तिथे प्रश्नचिन्ह लिहून टाकतो. 'न' असो की 'ओ', सगळ्यांचा आकडा ६३ होतो. त्यातून मूळ काढणारं कुठलंही सॉफ्टवेअर नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका.

एक आई माझ्याकडे मोबाइल घेऊन आल्या होत्या. मुलाच्या विद्यापीठाचं पत्र मधल्या एका कार्यालयाने पुढे पाठवलेलं. तारीख दिसत होती, कागदपत्रांची संख्या दिसत होती, आणि कुठले कागद आणायचे तिथे प्रश्नचिन्हांच्या चार ओळी. त्या मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "काहीतरी वाचता येतच असेल ना, ताई?" नव्हतं येत. मी त्यांना सांगितलं, या प्रतीचा नाद सोडा, त्या कार्यालयाकडून मूळ मेल मागवा. मूळ मेल आला तो साधा विंडोज-१२५१ मध्ये होता आणि पाच मिनिटांत वाचून झाला. मोडतोड पुढे पाठवताना झाली होती.

म्हणून माझा पहिला सल्ला कायम हाच असतो: बिघडलेला मेल दिसला की त्याला हात लावू नका. फॉरवर्ड करू नका, कॉपी करून वर्डमध्ये चिकटवू नका, त्याच्याखाली उत्तर लिहू नका. मूळ आकडे जिथे आहेत तिथेच राहू द्या.

काळ्या चौकटीतलं किंवा शंकरपाळ्याच्या आकारातलं प्रश्नचिन्ह वेगळं. तो प्रोग्राम म्हणतो आहे की 'हा आकडा मला समजला नाही'. मूळ मेल शाबूत असेल तर तक्ता बदलल्यावर हे जातं.

मग प्रत्यक्षात करायचं काय? कुठलं बटण दाबू?

थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये 'व्ह्यू' मेन्यूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे. ते दाबलं की प्रोग्राम स्वतः अंदाज बांधून मजकूर पुन्हा वाचतो. जुन्या ढंगाच्या आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडून 'अ‍ॅक्शन्स', मग 'अदर अ‍ॅक्शन्स', मग 'एन्कोडिंग' असं जायचं आणि यादीतले सिरिलिकचे पर्याय एकेक करून बघायचे.

जीमेलमध्ये असा मेन्यू नाही. तिथे मेलच्या तीन टिंबांवर 'शो ओरिजिनल' दाबून मूळ फाइल उतरवून घ्यायची आणि ती थंडरबर्डमध्ये उघडायची. तेही जमत नसेल तर नोटपॅड प्लस प्लस हा साधा मजकूर उघडणारा प्रोग्राम. त्यात 'एन्कोडिंग', मग 'कॅरेक्टर सेट्स', मग 'सिरिलिक' असा रस्ता आहे आणि वर सांगितलेले तक्ते तिथे ओळीने आहेत. पण मेलच्या आत मजकूर बेस६४ मध्ये गुंडाळलेला असेल तर नोटपॅडमध्ये आधी तो उलगडावा लागतो.

बेस६४ म्हणजे ते रोमन अक्षरांचं न संपणारं जंजाळ का?

हो. सात बिटांच्या रस्त्यावरून आठ बिटांचा माल नेण्यासाठी १९९२ मध्ये माइम नावाची पद्धत आली. तिने दोन गोष्टी दिल्या. एक, मालावर चिठ्ठी चिकटवायची की हा अमुक तक्त्यातला मजकूर आहे. दुसरी, माल साध्या रोमन अक्षरांत गुंडाळून पाठवायचा. चिठ्ठी हरवली किंवा खोटी लागली की गुंडाळीच तुमच्या समोर येते.

ही गुंडाळी उघडण्याआधीच आत काय आहे याचा अंदाज लागतो. यूटीएफ-८ मधला रशियन मजकूर बेस६४ मध्ये गेला की त्याची सुरुवात नेहमी शून्याने होते. आपला मराठी मजकूर असेल तर सुरुवात चार, के, एस किंवा चार, के, डब्ल्यू अशी होते. मी हे एकदा कागदावर बिट मांडून तपासलं आणि तेव्हापासून गुंडाळीचं पहिलं अक्षर बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

मेल नीट दिसतो, फक्त विषयाची ओळ बिघडलेली आहे. असं कसं?

विषयाची ओळ, पाठवणाऱ्याचं नाव आणि अटॅचमेंटचं नाव यांचं पाकीट वेगळं असतं. प्रत्येकाला स्वतःची चिठ्ठी लागते. पाठवणाऱ्याच्या प्रोग्रामने आतल्या पत्राला चिठ्ठी लावली आणि पाकिटाला लावायला विसरला, तर हे होतं.

दुसरं कारण लांब विषय. नियमाप्रमाणे विषयाचा एकेक गुंडाळलेला तुकडा ७५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, म्हणून लांब ओळ तोडतात. ती अक्षराच्या सीमेवर तोडायची असते. काही प्रोग्राम दोन बाइटांच्या अक्षराच्या मधोमध तोडतात आणि विषयाच्या मधेच एक शंकरपाळं उगवतं. याला तुम्ही काही करू शकत नाही. पाठवणाऱ्याला विषय आखूड ठेवायला सांगा.

रशियाहून आलेली झिप फाइल उघडली तर आतल्या फाइलींची नावं बिघडलेली. फाइलीही खराब आहेत का?

नाही, फाइली ठीक असतात. रशियन विंडोजवर तयार झालेल्या झिपमध्ये नावं बऱ्याचदा अजूनही डॉसच्या ८६६ तक्त्यात लिहिलेली असतात. आपल्याकडचं विंडोज ती अमेरिकी तक्त्याने वाचतं. विनरारमध्ये 'ऑप्शन्स'मधल्या 'नेम एन्कोडिंग'मध्ये ८६६ निवडा, नावं जागच्या जागी सरळ होतील.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की रशियन स्तंभ बिघडतो.

डबल क्लिक करून उघडू नका. कोरी एक्सेल उघडा, 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट' ने फाइल आणा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये आधी ६५००१ बघा, तो यूटीएफ-८ आहे. नाही जमलं तर १२५१. त्यानेही नाही तर २०८६६, तो कोई८-आर. चुकीच्या तक्त्याने उघडलेली फाइल सेव्ह मात्र करू नका.

रशियन नीट दिसतं, पण युक्रेनियन किंवा कझाक नावं तुटतात.

सिरिलिक म्हणजे एकटी रशियन नव्हे. देवनागरी म्हणजे एकटी हिंदी नव्हे, तसंच. हिंदीपुरती केलेली सोय आपला 'ळ' विसरली तर आपल्याला कसं वाटेल? युक्रेनियनची चार खास अक्षरं कोई८-आर मध्ये नाहीतच. त्यांच्यासाठी कोई८-यू वेगळा करावा लागला, तो १९९८ मध्ये नोंदला गेला. विंडोज-१२५१ मध्ये युक्रेनियन, बेलारुशियन, बल्गेरियन, सर्बियन बसतात. कझाकची बहुतेक खास अक्षरं त्यातही नाहीत, मंगोलियनची दोन नाहीत. त्यामुळे कझाकस्तानातून आलेल्या मेलमध्ये बाकी मजकूर ठीक आणि नावातल्या दोन अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं, असं दिसलं तर कुठेतरी मधे १२५१ वापरला गेला आहे. मूळ मेल यूटीएफ-८ मध्ये पुन्हा मागवा. पासपोर्टवरच्या नावाचा प्रश्न असतो, अंदाजाने अक्षर भरू नका.

हा मजकूर साध्या रोमन अक्षरांत आहे, टोप्या वगैरे काही नाही, मधे अर्धविराम आणि चौकटी कंस आहेत. कुठला तक्ता लावू?

कुठलाच नाही. लिहिणारा कीबोर्ड रशियनवर करायला विसरला. रशियन कीबोर्डवर जिथे 'झ' आहे तिथे इंग्रजी कीबोर्डवर अर्धविराम आहे, आणि 'ख' च्या जागी चौकटी कंस. 'प्रिवेत' असा टाइप केला तर जी-एच-बी-डी-टी-एन उमटतं. दोन्ही कीबोर्डची चित्रं शेजारी ठेवा आणि बटणागणिक बदला.

पत्ता बघून बघून टाइप केला, तरी मेल परत येतो.

पत्त्यातलं एखादं अक्षर सिरिलिक आहे का बघा. सिरिलिक 'स' आणि रोमन सी दिसायला अगदी एक, आणि दोन्ही एकाच बटणावर. रशियन माणूस पत्ता लिहिताना कीबोर्ड बदलायला क्षणभर चुकला की नजरेला न दिसणारी ही चूक होते. अ, ए, ओ, र, स, ख या सहा अक्षरांची रोमन जुळी भावंडं आहेत. पत्ता कॉपी करू नका, इंग्रजी कीबोर्डवर स्वतः पुन्हा टाइप करा.

तिरकी केलेली रशियन अक्षरं वेगळीच दिसतात. 'त' चा रोमन एम झाला!

हे बरोबर आहे. सिरिलिकचा तिरका छापील ठसा हस्ताक्षरावरून आला आहे, तिथे छोटा 'त' एमसारखा आणि 'द' जीसारखा असतो. दुरुस्त करू नका.

मी उत्तरात रशियन आणि मराठी दोन्ही लिहू शकतो का?

यूटीएफ-८ असेल तर बिनधास्त. वरच्या जुन्या तक्त्यांपैकी एकातही देवनागरी नाही. जुन्या आउटलुकमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' असं जाऊन 'इंटरनॅशनल ऑप्शन्स'मध्ये जाणाऱ्या मेलसाठी यूटीएफ-८ ठरवून टाका आणि 'आपोआप निवड' वरची खूण काढा. जीमेल ते आपणहून करतं. फक्त मराठी मजकूर श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमधला नको. त्यांत अक्षरं मुळात रोमनच असतात, वर देवनागरीचा मुखवटा. रशियातल्या संगणकावर तो मुखवटा नाही, तिथे नुसतं रोमन दिसेल.

ऑनलाइन डिकोडर वापरले तर चालतील?

चांगले आहेत. आर्तेमी लेबेदेव यांच्या मॉस्कोतल्या स्टुडिओचा डिकोडर मजकूर चिकटवला की स्वतः तक्ता ओळखतो, दोनदा बिघडलेलाही सोडवतो. पण पासपोर्ट क्रमांक, वैद्यकीय अहवाल, बँकेचे तपशील असलेला मेल तिथे चिकटवू नका. दोन ओळी पुरतात, तक्ता कळला की बाकीचं घरच्या संगणकावर करा.

तसं माणसाला डिकोडरही लागत नाही. रशियाला गेलेल्या एका पार्सलचं छायाचित्र बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पाठवणाऱ्याला पत्ता ईमेलवर मिळाला होता, कोई-८ मधला, आणि त्याच्या संगणकाने तो पश्चिम युरोपच्या तक्त्याने दाखवला. त्याने ती टोप्यांची अक्षरं जशीच्या तशी पेनाने पार्सलवर उतरवली. रशियन टपाल कर्मचाऱ्यांनी एकेक अक्षर उलगडून वर खरी रशियन अक्षरं लिहिली आहेत. मी ते छायाचित्र माझ्या टेबलासमोर लावलं आहे.

हे सगळं करून पाहिलं, नाही जमलं. तुम्हाला मेल कसा पाठवू?

स्क्रीनशॉट नको, त्यात आकडे नसतात. फॉरवर्डही नको. 'शो ओरिजिनल' मधून उतरवलेली फाइल नव्या मेलला जोडा. सोबत तो मेल कुठून आला, मधे किती जणांनी पुढे पाठवला आणि तुमच्याकडे कुठल्या प्रोग्राममध्ये उघडला, एवढं लिहा. मधल्या माणसांची यादी विसरू नका, निम्मा शोध तिथेच लागतो.